लिनाचं न घासलेलं नाणं

लिना जर्बर म्हणजे आमच्या एमेंटालच्या खोऱ्यातलं एकमेव गबाळं ध्यान. इथे बायका दर शनिवारी गोठ्याच्या खिडक्यासुद्धा पुसतात. लिना शनिवारी अकॉर्डियन वाजवत बसायची, तोही मागून आणलेला. सत्तरी गाठली तरी स्वतःचा घेणं काही जमलं नाही. या वसंतात मालकाने तो परत नेला आणि लिनाचं जेवणावरचं मनच उडालं. लोक हसले. मला त्या लोकांचा असा संताप आला म्हणता!

शेवटी तिने बाप्तिस्म्याचं नाणं विकायचं ठरवलं. धर्मपित्याने दोघी बहिणींना एकेक दिलं होतं. शंभर फ्रँकचं, सोन्याचं, सन १९२५चं. त्यावर वेणीवाली बाई आणि मागे डोंगर. थोरली फ्रिडा आपलं नाणं दर ईस्टरला खडूच्या पुडीने लख्ख घासायची. लिनाचं कधी पाकिटातून बाहेरच आलं नव्हतं.

बर्नला आम्ही तिघी निघालो. फ्रिडाने आपलंही नाणं घेतलं होतं, भाव कळावा म्हणून.

"हे मळकं ध्यान दाखवणार तू चारचौघांत? आण इकडे, घासून देते."

"राहू दे गं बाई, गाडी चुकेल," लिना म्हणाली.

नाण्यांचे जाणकार ब्रुगर यांनी आधी फ्रिडाचं नाणं भिंगाखाली धरलं. "सोन्याच्या भावाने घेईन."

"एवढं लखलखतंय आणि नुसता सोन्याचा भाव?"

"घासून घासून बाईची वेणीच घालवलीत तुम्ही!"

मग लिनाचं नाणं. ब्रुगर एकदम उभेच राहिले.

"अशी पाचच हजार पाडली होती. आणि ह्याला कुणी फडकंसुद्धा लावलेलं नाही! नऊ हजार फ्रँक देतो."

"अकॉर्डियन!" लिना किंचाळली. "माझा अकॉर्डियन! नवा कोरा!" हसता हसता ती रडायला लागली, आणि एक टपोरा थेंब थेट नाण्यावर पडला.

झालं! फ्रिडाने झटकन रुमाल काढला.

"नको!" ब्रुगर, लिना आणि मी एकदम ओरडलो.

फ्रिडाचा हात नाण्यापासून बोटभर अंतरावर थांबला. आयुष्यभराची सवय, बोटं नुसती शिवशिवत होती. तिने एक सुस्कारा सोडला आणि त्याच रुमालाने लिनाचे डोळे पुसले.

"पहिलं कुठलं गाणं वाजवणार आहेस, ते सांग," ती म्हणाली.