बारशाची वाटी

चंपा माझ्याकडे पस्तीस वर्षं धुणीभांडी करते. भांडुपहून मुलुंडला येते, साताच्या ठोक्याला बेल वाजवते आणि दार उघडायला उशीर झाला की बाहेरूनच ओरडते, "ताई, उठा, सूर्य डोक्यावर आला!" जालन्याकडची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा अठरा वर्षांची होती. नवरा राजाराम लवकर गेला. हिने चार घरची भांडी घासून प्रितमला इंजिनीअर केलं. पोरगा आता पवईत नोकरीला आहे, आईला काम सोड म्हणतो. ही म्हणते, "घरात बसून काय टीव्ही चाटू?"

मी वसुधा. तोंडाने फटकळ, पण मनाने साफ, असं मीच सांगत फिरते. आमच्यात जातपात कोणी मानत नाही, हेही मीच सांगते. चंपाचा चहा मात्र तिच्या कपात. निळ्या फुलांचा तो कप किचनच्या खिडकीत वेगळा उपडा घातलेला असतो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतल्या पोरांच्या डोक्यात किडा शिरला. आमचा वॉचमन नेपाळचा. त्याच्या गावच्या शाळेचं छप्पर वाऱ्याने उडालं, मुलं उघड्यावर बसतात, असं त्याने सहज सांगितलं. झालं! माझ्या लेकीची, तेजलची मुलगी ऋतिका, दहा वर्षांची, तीच पुढारी. घरोघरी फिरून नको असलेल्या वस्तू मागायच्या, रविवारी गेटजवळ टेबल मांडून विकायच्या आणि पैसे नेपाळला पाठवायचे.

"आजी, तू काय देतेस?"

"देते गं बाई, किती भुणभुण करशील!"

मी माळ्यावर हात घातला. आहेरात आलेले टॉवेल, झाकणं हरवलेल्या बरण्या आणि पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक स्टीलची वाटी. पिशवी उघडूनही बघितली नाही. कोरी करकरीत दिसतेय, चार पैसे येतील, म्हटलं. नको असलेलं देताना हात कसा सैल सुटतो!

रविवारी चंपा काम आटपून खाली आली. टेबल बघून तिचा चेहरा असा फुलला! "पोरं कुठल्या का देशातली असंनात, शिकली पाहिजेत," म्हणाली आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागली. मी शेजारी खुर्ची टाकून नातीचं कौतुक ऐकत बसले होते. तिने वाटी पिशवीतून काढली. बोटाने काठ चाचपला आणि थांबली.

"चष्मा वर राहिला माझा. ऋतू, काय लिवलंय गं ह्याच्यावर?"

ऋतिकाने मोठ्यांदा वाचलं, "चि. तेजल हिस बारशाची भेट. चंपा-राजाराम."

मला लख्ख आठवलं. तेजलच्या बारशाला चंपाला कामाला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. नाव कोरणारा अक्षरागणिक पैसे घेतो म्हणून आडनाव गाळलं, हे तिनेच मला हसत सांगितलं होतं. ती गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या वाटीतून पोरीला भरवू नकोस. वर ठेव." का, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्यामागे मला कोणी अडवलं होतं? मी ती वाटी चक्क विसरले, ही तर त्याहून लाजेची गोष्ट.

"आजी, ही आईची वाटी? मग तू विकायला का दिलीस?"

ऋतिका माझ्याकडे बघत होती. चंपाही बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. एरवी गल्ली दणाणून सोडणारी मी, टेबलावरचे टॉवेल सारखे करत बसले.

"अगं, मीच सांगितलं ताईंना," चंपा म्हणाली. "ह्याच वाटीतली खीर खाऊन तुझी आई मोठी झाली, शिकली-सवरली. आता शाळेच्या कामाला येऊ द्या, म्हटलं."

वाटीवर एक चरा नव्हता. दुकानाचं लेबलसुद्धा बुडाला तसंच चिकटलेलं. चंपाचा चष्मा वर राहिला होता, पण ती काही आंधळी नाही.

तिने पाचशेची नोट ऋतिकाच्या हातात ठेवली. वाटी पदराने पुसून पिशवीत टाकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. देवाशपथ सांगते, मीही वाजवल्या.

सोमवारी साताला बेल वाजली. माफी कशी मागायची ते मी मनात घोकून ठेवलं होतं. निळा कप कचऱ्यात टाकला होता. घरातल्या चांगल्या कपांतले दोन काढले, चहा ओतला आणि टेबलावर एकमेकांसमोर ठेवले.

चंपाने कपाकडे बघितलं. मग खिडकीकडे.

"ताई, माझा कप फुटला का?"

"हो," मी म्हणाले. "फुटला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "लई जुना झाला होता."

तिचा चहा संपेपर्यंत मला मान वर करवली नाही.