क्लॅरिनेटसाठी लिहिलेली पानं

कोलशेतच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते, तेव्हाची गोष्ट. राहायला डोंबिवलीला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या आम्ही सगळ्या बायका एकत्र डबे उघडायचो. पण मी भराभर चार घास खाऊन डिस्पॅचच्या शेडकडे पळायचे, कारण तिथले काका त्या वेळात टेप लावून बसलेले असायचे.

काका कळव्याचे, पन्नाशी उलटलेले. दिवसभर मालाची चलनं लिहायचे आणि रविवारी मुंबईत एका हौशी वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचे. त्याआधी बरीच वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही वाजवलेलं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा अंगाने थोडी मोठी आणि आवाजाने खालची. ती का धरलीत, असं मी एकदा विचारलं.

"व्हायोलिनवाले ढीगभर होते गं," काका म्हणाले. "मास्तर बोलले, ही धर, हिला कोण विचारत नाय. धरली. महिन्याभरात कामाला लागलेलो."

त्यांचे वडील कल्याणच्या एका बँड पथकात क्लॅरिनेट वाजवायचे, लग्नाच्या वरातींत. नोटेशन वाचायला काका पुढे स्टुडिओत शिकले. पण कान वडिलांनी तयार केला, असं ते सांगायचे.

त्यांच्याकडे एका सिम्फनीची कॅसेट होती. मोठ्या वाद्यवृंदासाठी चार भागांत रचलेली ती रचना, जी मायनर या उदास स्वरपट्टीतली. त्या संगीतकाराने एकाच उन्हाळ्यात लागोपाठ तीन सिम्फन्या लिहिल्या, त्यांतली ही मधली. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फक्त व्हायोलिनची सुरावट ऐकू आली. काकांनी टेप थांबवून मागे नेली.

"सुरावटीच्या आधी काय आहे ते ऐक."

आधी होती एक हलकीशी थरथर. जेमतेम मोजायला लागावं, तेवढ्यात सुरावट येते.

"ते आम्ही," काका म्हणाले. "व्हायोला. साथ आधी सुरू होते आणि गाणारा मागून येतो. असं कोण लिहितं? गाणारा दम लागल्यासारखा येतो बघ, दोन दोन सुरांचे उसासे टाकत."

मग पुढचे कित्येक महिने, अर्ध्या अर्ध्या तासाने, त्यांनी मला ती अख्खी सिम्फनी दाखवली. तिच्यात ट्रम्पेट नाहीत, नगारे नाहीत, म्हणजे मोठ्याने ओरडायची सोयच नाही. दुसरा भाग संथ, आणि तोही व्हायोलाच उघडते. तिसरा मिन्युएट, म्हणजे नाचाचा. पण जोर अशा उलट्यासुलट्या जागी पडतात की नाचणाऱ्याने पाय कुठे टाकावा ते कळू नये. चौथ्या भागात सुरावट शिडीवरून धावत वर चढते, आणि मध्येच एके ठिकाणी सगळी वाद्यं मिळून अशा उड्या मारतात की स्वराचं घरच सापडेनासं होतं. "शेवट गोड करायची पद्धत होती तेव्हा," काका म्हणायचे. "यानं नाय केला. मायनरमध्येच संपवला."

त्या वर्षी त्या सिम्फनीला दोनशे वर्षं होत होती. डोंबिवलीत आमचं एक श्रवण मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं जमायची. एक निवृत्त प्राध्यापक आपल्या रेकॉर्डी आणायचे. मंडळात मीच सगळ्यांत लहान. मला बोलायला सहसा कोणी सांगत नसे. त्या वेळी मी धीर करून म्हटलं, "या सिम्फनीवर मी बोलू का?" प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हो म्हणाले.

मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की संगीतकाराने ही सिम्फनी हयातीत बहुधा ऐकलीच नाही. कोणासाठी लिहिली तेही ठाऊक नाही. आतल्या उमाळ्यातून लिहिली असावी. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी काकांना ते वाचून दाखवलं.

काका चलन लिहिता लिहिता थांबले. "या सिम्फनीची क्लॅरिनेटवाली पानं आहेत ना, नोटेशनची?"

"आहेत. नंतर लिहिली त्याने. आधी क्लॅरिनेट नव्हती, मग ओबो नावाच्या फुंकवाद्याचे भाग बदलून घातली."

"मग? कोणी वाजवणारच नसेल तर माणूस पानं पुन्हा कशाला लिहील? आमच्याकडे रेकॉर्डिंगला, कोणी काय वाजवायचं ते लिहिणारा अ‍ॅरेंजर कधी पानं बदलायचा? आज बासरीवाला आला नाय, किंवा एखादा चांगला माणूस हजर आहे, तेव्हाच. त्याच्यासमोर क्लॅरिनेटवाले बसले असणार. म्हणजे सिम्फनी वाजलीय. आणि त्यानं ऐकलीय." मग चलन पुन्हा पुढे ओढत म्हणाले, "कामाचा माणूस होता तो. उमाळ्यात कोण दोनदा लिहितं?"

मी घरी येऊन ते वहीत जसंच्या तसं उतरवलं.

भाषणाचं काकांना मी उत्साहाच्या भरात सांगून बसले होते. ते म्हणाले, "येतो की." मी "या ना" म्हटलं, आणि मनात म्हटलं, कशाला येताय.

हे असं का वाटलं, ते लिहायला मला खूप वर्षं लागली. काकांच्या कळव्याच्या चाळीतल्या खोलीत मी दोनदा जेवले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली व्हायोलाची पेटी, आणि काकूंच्या हातचं सुकटीचं कालवण. घरी आईला मात्र मी "ऑफिसातले एक जण" एवढंच सांगितलं. आडनाव सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही, आणि ती का विचारत नाही ते मला माहीत होतं. मंडळातले लोक वाईट नव्हते. पण त्यांच्यासमोर "हे मला आमच्या डिस्पॅचमधल्या काकांनी सांगितलं" म्हटलं, तर माझं भाषण एका पायरीने खाली येईल, असं मला वाटलं.

काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी काकू. शेवटच्या रांगेत बसले. मी बोलले, आणि चांगलं बोलले. व्हायोलाची थरथर, उसासे, पाय चुकवणारा मिन्युएट, उड्या, गोड न होणारा शेवट. मग क्लॅरिनेटची पानं. "समोर क्लॅरिनेट वाजवणारे बसले असल्याशिवाय कामाचा माणूस पानं पुन्हा लिहीत नाही," असं मी म्हटलं.

प्राध्यापक उठले. "वा! हा मुद्दा मी वाचलेला नाही. कुठल्या पुस्तकात मिळाला तुम्हाला?"

त्या क्षणी मला बोट करून दाखवता आलं असतं. ते समोरच होते.

"पुस्तकात नाही, सर," मी म्हटलं. "विचार करता करता सुचलं."

टाळ्या झाल्या. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं नाही. चहाच्या वेळी शोधलं तर ते दोघं निघून गेले होते.

सोमवारी मी शेडमध्ये गेले. काकांनी टेप लावलेली होती. "चांगलं बोललीस," ते म्हणाले. "मिन्युएटच्या वेळी जरा घाई केलीस." बस, एवढंच. ते रागावले असते तर मी माफी मागितली असती, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण पुढे ते टेप मागे नेऊन काही दाखवेनासे झाले. संगीत लागायचं, संपायचं, आणि आम्ही कामाला लागायचो.

मंडळाच्या स्मरणिकेत भाषण माझ्या नावाने छापून आलं. कच्चं मुद्रित माझ्याकडे तपासायला आलं होतं. एक ओळ घालायला पुरेशी जागा होती. मी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधारलं. स्मरणिका मी ऑफिसात नेली नव्हती, पण कोणीतरी ती साहेबांना दाखवली आणि त्यांनी कौतुकाने नोटीस बोर्डावर लावली. दुपारी मी जिन्यावरून उतरत होते तर काका बोर्डासमोर उभे. चष्मा लावून, एकेक ओळ वाचत. सगळं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. चष्मा काढला, खिशात ठेवला आणि शेडकडे गेले. मी जिन्यात तशीच उभी राहिले. हाक मारली नाही.

वर्षभरात लग्न झालं, कल्याणला बँकेत नोकरी लागली, कोलशेत सुटलं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला तो कारखाना बंद पडल्याचं एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. काकांचं काय झालं, विचारलं. ती म्हणाली, घरीच असतात, खांदा धरलाय, वाजवणं बंद आहे. त्या रविवारी मी कळव्याला गेले.

काकूंनी दार उघडलं आणि क्षणभर माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग "ये" म्हणाल्या. काका खुर्चीत होते, बारीक झालेले. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग मी म्हटलं, "काका, त्या भाषणात मी जे सांगितलं ते सगळं तुमचं होतं. मला सुचलं असं मी खोटं बोलले."

"मला काय ठाऊक नव्हतं?" काका शांतपणे म्हणाले.

"मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत?"

उत्तर काकूंनी दिलं. "ते उठत होते. मी हात धरून बसवलं. म्हटलं, कशाला? तुम्ही माझं आहे म्हणाल, ही पोरगी हो म्हणाली तर ठीक. नाय म्हणाली तर?"

मला रडू आलं. त्यावर काका पटकन म्हणाले, "ए, रडू नको. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? त्यांनी विचारलं कुठून मिळालं, तेव्हा माझा बाप आठवला. क्लॅरिनेटची गोष्ट. तू मला दाखवलं असतंस तर त्याचंही नाव तिकडं निघालं असतं." मग त्यांनी विषय बदलला. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मंडळ तेव्हा अजून चालू होतं. पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं: काकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, कळवा, डिस्पॅच, मी बोललेलं खोटं. सांगून बसले. प्राध्यापक बरेच थकले होते. ते हळूच म्हणाले, "एवढ्या वर्षांनी कबूल करायला मन मोठं लागतं." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. त्या गृहस्थांना एकदा बोलवूया, असं कोणाच्याही तोंडून आलं नाही. मी ते म्हटलं, तेव्हा सचिव म्हणाले, बघू, पुढचे कार्यक्रम ठरलेले आहेत.

काकांना मी हे सांगायला गेले तेव्हा टाळ्यांचा भाग गाळला. "वडिलांचं नाव घेतलंस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"घेतलं."

"नीट घेतलंस ना? सगळं?"

मी आडनावासकट उच्चारून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.