आजी आधी पाहतात

राळेगावला आमच्या शेजारच्या आजी नातीला मोबाइल देतात, पण प्रत्येक कार्टून आधी स्वतः शेवटपर्यंत पाहतात. चष्मा लावून ओट्यावर बसतात. मध्ये कोणाशी बोलत नाहीत. परवा वीस मिनिटांचं कार्टून त्यांनी अठराव्या मिनिटाला बंद केलं.

"काहून वं आजी? सारेच पाह्यतात!" नात रडू लागली.

"जाड्या पोराले चिडवून राह्यले अन् सारे हासून राह्यले. असं हासनं नाई शिकाचं माय. थांब, दुसरं पाह्यतो."

दुसरं त्यांनी पहिल्या मिनिटापासून लावलं. मी माझ्या मुलीला रोज मोजून तीस मिनिटं मोबाइल देतो. त्यात ती काय पाहते, मला सांगता येणार नाही.

नात मुसमुसत आजीच्या पाठीला टेकून बसली. दुसरंही वीस मिनिटांचं होतं; ते संपेपर्यंत तिने एकदाही वाकून मोबाइलमध्ये पाहिलं नाही.