तळहाताखालचा काटा

"थांब. आधी अंदाज सांग," असं म्हणून बाई मीटरवर तळहात ठेवायच्या. प्रॅक्टिकलला आलेलं पोर आकडा टिपायला वाकलेलं असायचं आणि काटा बाईंच्या हाताखाली गडप!

"चुकला तर, मॅडम?"

"चुकू दे की. त्याशिवाय डोकं कामाला लागत नाही."

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात मी त्यांच्याबरोबर फिजिक्स शिकवलं. मी डोंबिवलीचा. बाई कोपरीच्या, मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. त्या नोकरीला लागल्या तेव्हा आम्ही पुरुषमंडळींनी विभागाचा चहा त्यांच्याकडे सोपवला. तुमच्याही ऑफिसात असंच होत असेल म्हणा. बाईंनी चहा उत्तम केला, जोडीला पीएचडी केली आणि विभागप्रमुख झाल्या त्याच दिवशी हुकूम सोडला, "आजपासून चहा आळीपाळीने." माझ्या पाळीचा चहा पिऊन म्हणाल्या, "सर, तुम्ही थिअरीच घ्या." राग आला, पण चहा खरंच वाईट होता.

एका वर्षी घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये दबलेल्या गावातली एक आगरी मुलगी आमच्याकडे होती. हुशार, पण तिने तोंड उघडलं की तिच्या बोलीला सगळी बॅच हसायची. शेवटी ती कॉलेज सोडायला निघाली. बाईंनी एवढंच मागितलं, "तोंडी परीक्षा देऊन जा."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रश्न विचारला. मुलीने मान खाली घातली. बाईंनी मीटर झाकला. एरवी छापल्यासारखं मराठी बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोल गो पोरी, कनाला भितंस?"

बाई आपल्यातल्याच, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती आधी बघतच राहिली आणि मग आपल्या बोलीत अंदाज सांगत जी सुटली! बाईंनी हात उचलला. काटा अंदाजाच्या थोडा मागे होता. तो मागे का, तेही तिनेच सांगितलं.

"मॅडम, हे कुठल्या भाषेत चाललंय?" परीक्षक वैतागले.

"फिजिक्सच्या," बाई म्हणाल्या.

मुलगी राहिली. शिकली. आता आमच्याच कॉलेजात शिकवते.

बाई गेल्या वर्षी वारल्या. मला त्यांची फार आठवण येते. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी सहज लॅबमध्ये डोकावलो. त्याच मुलीने मीटरवर तळहात ठेवला होता, पण पुढचं वाक्य काही तोंडून निघेना. पोरं ताटकळली होती.

मी दारातूनच, जमेल तशा आगरीत म्हणालो, "बोल गो पोरी, कनाला भितंस?"