व्हायोलिनची भेग

वडिलांचं व्हायोलिन पडलं आणि त्याच्या फळीला लांब भेग गेली. रविवारी चर्चमध्ये बहिणीचं लग्न होतं आणि वडील त्यात वाजवणार होते. केडगावातल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी भेगेवरून अंगठा फिरवला, टिचकी मारून कान लावला.

"पक्क्या गमनं चिकटवा की," मी म्हणालो.

"न्हाई भाऊ, कातडं उकळून केल्याला सरसच. उद्या ताण आला तर सरस सुटंल, पर लाकूड वाचंल. आन् घाई न्हाई करायची, रविवारी मिळायचं न्हाई."

लग्न व्हायोलिनशिवाय लागलं. मी चिडलोच होतो. पुढच्या आठवड्यात व्हायोलिन घ्यायला गेलो तेव्हा वडील बाईंच्या दुकानातच लग्नात राहिलेली धून वाजवायला बसले. मी रडवेला झालो. बाई मात्र डोळे मिटून, सूर कुठं खरखरतो का, एवढंच ऐकत होत्या. वडील थांबले आणि पुन्हा चिकटवावं लागणार नाही अशी खात्री पटली, तेव्हाच त्यांनी सरसाचं भांडं शेगडीवरून उतरवलं.