डिकीच्या कडेचे ओघळ

रंग तपासणं ही माझी नोकरी होती आणि खोट काढणं हा स्वभाव. पगार मात्र एकाचाच मिळायचा. सौदीतल्या जुबैलच्या एका कारखान्यात मी टाक्यांवरचा रंग तपासायचो. खिशात पेनएवढं एक गेज असायचं. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे ते कळायचं. थर कमीजास्त भरला किंवा कुठे ओघळ दिसला की मी खडूने फुली मारायचो, आणि रंगारी मनातल्या मनात माझा उद्धार करायचे. घरीही तीच तऱ्हा. आखातात युद्ध आज सुरू होतंय की उद्या, असे ते दिवस. हल्ल्यातला विषारी गॅस आत येऊ नये म्हणून अख्खं जुबैल खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या लावत होतं. बायकोने लावलेल्या पट्ट्या वाकड्या दिसल्या, म्हणून मी त्या उपटून सरळ रेषेत पुन्हा लावल्या. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी नेहमीच संमती समजत आलो.

शेजारच्या इमारतीत एक म्हातारा अमेरिकन राहायचा. कंपनीने त्याला मायदेशी परत पाठवायचं ठरवलं होतं, गुरुवारचं विमान होतं. त्याच्याकडे वीसेक वर्षांपूर्वीची एक दोनदारी गाडी होती. गडद हिरवी, लांबलचक बॉनेट, आणि इंजिन असं की सुरू केलं की आमच्या कपाटातली भांडी वाजायची. मीटरवर जेमतेम अकरा हजार मैल होते. ती त्याने विकायला काढली आणि घ्यायला निघाला माझा साहेब.

साहेब सौदी, मनाने मोकळा. मला नावाने कधी हाक मारायचा नाही, नेहमी ‘मुहंदिस’, म्हणजे इंजिनियर.

"मुहंदिस, ती खरी आहे का एवढंच सांग," तो म्हणाला. "नंतर रंगवलेली, मीटर फिरवलेली नको."

"साहेब, चालते ना चांगली? मग झालं की."

"मला नकोय ती. वडिलांसाठी हवीय."

त्याचे वडील पूर्वी रास तनुराच्या तेलबंदरावर एका अमेरिकन साहेबाकडे कामाला होते. अगदी अशीच गाडी त्यांनी तीन वर्षं रोज सकाळी पुसली होती. चालवायला एकदाही मिळाली नाही. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता, फारसं दिसत नव्हतं.

"पण हात लावला की त्यांना कळेल," साहेब म्हणाला. "खोटी निघाली तर ते मला काही बोलणार नाहीत. नुसते छान आहे म्हणतील. तेच मला नकोय."

बुधवारी दुपारी मी साहेबाबरोबर गेज घेऊन हजर झालो. आधी पेडलचं रबर पाहिलं, धारा शाबूत होत्या. ड्रायव्हरची सीट बसकी नव्हती. इंजिनवरचा नंबर कागदाशी जुळला. म्हणजे मैल खरे. मग रंग. दारावर एक आकडा, टपावर दुसरा, बॉनेटवर तिसराच. डिकी उघडून झाकणाच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं तर चार ठळक ओघळ! माझ्या अंगात नोकरी संचारली. दोघांच्या देखत मी जाहीर केलं, "पुन्हा रंगवलीय. आणि रंगवणारा अडाणी होता."

अमेरिकन म्हातारा एवढंच म्हणाला, "मी ती नवी घेतली. कुणाला ब्रश लावू दिला नाही." साहेब नुसता "खलास" म्हणाला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. मी मात्र छाती काढून घरी आलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीला पट्टी लावत होती.

"अहो, एक विचारू? रंगवायला कोण देतं गाडी?"

"ज्याची असते तो."

"मग एवढे पैसे मोजून रंगवून घेणारा ओघळ ठेवू देईल? ओघळ कारखान्यात येतात, एकामागून एक गाड्या चालल्या की. तिथे प्रत्येक गाडीमागे तुमच्यासारखा माणूस उभा केला असता, तर अमेरिकेत आजही लोक पायी फिरले असते."

मी खुर्चीवर बसलो. आकडे पुन्हा आठवले. ते वेगवेगळे होते, पण सगळे पातळ होते. जुन्या रंगावर नवा चढला असता तर थर जाड भरला असता. मी आयुष्यभर टाक्या तपासल्या. टाकीचा रंग एकसारखा नसला तर दोष, आणि तोच न्याय मी गाडीला लावून मोकळा झालो होतो. एका भल्या माणसाला खोटं पाडलं होतं. फार लाज वाटली.

गुरुवारी सकाळी साहेबाला फोन करून बोलावलं आणि स्वतः भिंग घेऊन धावलो. म्हातारा बॅगा बांधत होता. त्याची परवानगी घेऊन मी चाकामागे खडी लागून उडालेला एक टवका पाहिला. खाली प्रायमर, वर हिरवा, बस्स. डिकीतला गालिचा उचलला तर पत्र्यावर पिवळ्या खडूची एक बरोबरची खूण! वीस वर्षांपूर्वी माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी, ओघळांकडे काणाडोळा करून, ही गाडी पास केली होती. मला इतका आनंद झाला की मी म्हाताऱ्याला मिठीच मारली. मग माफी मागितली. क्रम चुकला, पण त्याने चालवून घेतलं.

साहेब आला तो वडिलांना घेऊनच. कालचं त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं म्हणे. त्यांनी एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा गाडीवरून फिरवत निघाले. बॉनेट, दार, टप. आम्ही मागोमाग. डिकीपाशी ते थांबले, झाकण उचलायला लावलं आणि बोटं थेट आतल्या कडेवर गेली. एक, दोन, तीन, चार. ते मोठमोठ्याने हसू लागले.

साहेबाने डोळे पुसत मला सांगितलं, "म्हणतात, त्या गाडीलाही इथेच होते. रोज इथेच फडकं अडकायचं."

अमेरिकन म्हाताऱ्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. चालवण्याइतकं दिसत नव्हतंच, पण त्यांनी उभ्या गाडीतच इंजिन सुरू केलं आणि पाय असा दाबला की आमच्या खिडक्या थरथरल्या. बायको गॅसमास्क हातात घेऊन गॅलरीत धावत आली, आणि खालचा प्रकार पाहून तिथेच हसत उभी राहिली.

साहेबाने सवयीने एक फडकं वडिलांपुढे धरलं, हात पुसायला. त्यांनी ते घेतलं, खिडकीतून त्याच्याच अंगावर परत टाकलं आणि बॉनेटकडे बोट दाखवलं.

"यल्ला, चल," ते म्हणाले, "आता तू पूस."