एकविसावा दिवस

२२ जुलै १९९७, मंगळवार, बंगळूर. पहाटे बेळगावच्या बसमधून उतरलो, खोलीवर अंघोळ केली आणि थेट लॅबमध्ये गेलो. धाकट्या भावाचं, संजूचं, तेरावं आदल्याच दिवशी झालं होतं.

संजूला मोठ्या आतड्याचा कोलायटिस होता. आठ वर्षं सोसलं, शेवटी आतडंच फुटलं... आणि माझं काम नेमकं त्याच आजारावर. भेटला की विचारायचा, "काय दादा, माझं नवं अस्तर कुठवर आलं?"

काम तसं साधं. कुणा जुन्या रुग्णाच्या आतड्यातून आलेल्या पेशी बारा छोट्या खणांत, बारीक जाळीवर वाढवायच्या. एकवीस दिवसांत त्यांचा आतड्याच्या अस्तरासारखा सलग थर होतो. मग सूज आणणारं द्रव्य घालून तो कधी गळायला लागतो ते पाहायचं. मात्र तोवर दर एक दिवसाआड त्यांचं खाद्य, म्हणजे मीडियम, बदलावंच लागतं.

आठव्या दिवशी, मीडियम बदलायच्या आधीच, घरून फोन आला. तसाच निघालो, पेशींचं कुणालाच सांगितलं नाही. संजूच्या दहाव्याला नदीवर एकदम आठवलं... म्हटलं, आता काय उरलं असणार.

मीडियम बदललं नाही की ते पिवळं पडतं. इन्क्युबेटर उघडताना मी पिवळ्याचीच तयारी ठेवली होती. सगळं लालसर गुलाबी होतं.

दारावरच्या मीडियमच्या तक्त्यावर माझ्या सह्यांखाली, मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, एक दिवसाआड कन्नडमधल्या सहा सह्या होत्या. एक तर रविवारची. सरोजाक्कांची सही... आमच्या जुन्या टेक्निशियन, हेब्बाळहून दोन बस बदलून यायच्या आणि बहुतेक वेळ माझ्यावर वैतागलेल्या असायच्या.

माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघून त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "सुतक तुला होतं, तम्मा. यांना नव्हतं. यांना जेवायला लागतं."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. याआधी त्यांनी मला कधी तसं म्हटलं नव्हतं. मी आभार मानायला लागलो, तर म्हणाल्या, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं. "आधी ते दार लाव. किती वेळ उघडं ठेवलंयस!"

थर विजेला किती अडवतो ते मोजणारं मीटर लावून पाहिलं. बाराही थर सलग होते, एकही गळत नव्हता. संजूच्या आत जे टिकलं नाही ते इथे टिकलं होतं. ते कशाने फाटतं आणि कशाने सांधलं जातं, हे विचारायची सोय आता आमच्याकडे होती.

अक्कांचे आभार तेव्हा राहूनच गेले... म्हणून आज इथे लिहितोय.

त्या जेवायला गेल्यावर मी हात धुतले, जंतू शिरू नयेत म्हणून बर्नर पेटवला. बाराही ठिकाणचं जुनं मीडियम काढून नवं भरलं आणि तक्त्यावर बावीस तारखेसमोर सही केली.